खिळ्यावरचा शर्ट

हर्षालीनं गॅसचा लायटर खटकन दाबला आणि बानूबाई हातातलं दाण्यांचं घमेलं तिथंच टाकून बाहेर पळाली. पळाली म्हणजे काय, वय, गुडघे सगळं विसरून पार अंगणातल्या लिंबाखाली!

"मावशी, अहो झालं काय?"

"इजव आधी ते! मंग बोल!"

हर्षालीनं गॅस बंद केला. मग तिच्या ध्यानात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. तेरखेड्याच्या फटाक्याच्या शेडमध्ये जिचा जन्म गेला, तिच्या कानाशी लायटर वाजवायचा? तिथं कामाला बसल्यावर बाया काडेपेटीचं नावसुद्धा काढत नाहीत.

पुण्याच्या कंपनीतली नोकरी सोडून हर्षालीनं शेंगाचटणीची पाकिटं करायचं काढलं, तेव्हा गाव तोंडावर छान छान म्हणालं आणि पाठ फिरताच हसलं. हातचं काम सोडून आली ती एकटी बानूबाई. आज पहिला घाणा, आणि ती लिंबाला टेकून बसली होती.

हर्षाली तिच्याजवळ बसली. "घरी चूल पेटवताच ना तुम्ही?"

"घरी फटाक्याची दारू लागलेलं लुगडं बदलून पेटवते. कामाच्या जागी जाळ बघितला की जीवच जातो बग." बानूबाईनं पदर मुठीत आवळला. "आन् खरं सांगू? नुसत्या जाळाचं भ्या न्हाय. तुझा कंपनीतला शर्ट आत खिळ्याला लटकतोय, इस्त्री करून. हे न्हाय जमलं तर तू तो घालून जाशील पुण्याला. म्या कुठं जाऊ? शेडवाला परत दारात उभा करंल व्हय?"

शर्ट आईनं अडकवला होता. 'असू दे, परत जायचं झालं तर लागेल,' म्हणाली होती. पण आईनं अडकवला तरी आपणही तो काढला नव्हता, हे हर्षालीचं हर्षालीला ठाऊक होतं.

ती उठली, आत जाऊन शर्ट घेऊन आली. बानूबाईचा पदर कमरेला घट्ट खोचला आणि वरून तो पांढरा शर्ट चढवला. बाह्या बोटांवर आल्या, त्या दुमडल्या.

"आगं, तेल लागंल! लई डाग पडतील!"

"पडू द्या. पदर तरी जाळापासून लांब राहील."

दोघी आत आल्या. लायटर बानूबाईच्या हातात दिला, तर ती तो परत करू लागली. हर्षालीनं वरून आपला हात धरला.

"जाऊ नगंस हां."

"मी कुठं जाते आता, मावशी?"

खटकन आवाज झाला, निळा जाळ लागला. थोड्या वेळानं कढईत दाणे तडतडले तशी बानूबाई पुन्हा दचकली, मग स्वतःलाच हसली आणि शर्टाच्या इस्त्रीच्या बाहीला कपाळाचा घाम पुसून म्हणाली, "उलथनं कुठाय?"