उष्टा आरसा

दगडाबाईने तोंड मिटलं ते मिटलंच.

"आ करा," डॉक्टर म्हणाला. त्याच्या हातात दात बघायचा छोटा आरसा होता. हाच आरसा आत्ता, तिच्या डोळ्यांदेखत, रामहरीच्या तोंडातून बाहेर आला होता. दाढ उपटून घेतलेला रामहरी बाकड्यावर कापूस दाबून बसला होता आणि त्याचं रक्त अजून डॉक्टरच्या हातमोज्यांवर होतं. त्याच हातमोज्यांनी डॉक्टरने मोबाईल उचलला, कुठल्याशा प्लॉटचं बोलून घेतलं. मग आरसा वाडग्यातल्या गढूळ पाण्यात बुचकळला आणि टॉवेलला पुसला. झालं. एवढीच ह्यांची स्वच्छता.

दगडाबाईचा गाल टम्म सुजला होता. पेजेशिवाय पोटात काही जात नव्हतं. पहाटे ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक निघणार होता, आणि एकदा फडात गेल्यावर कुठला दवाखाना अन् कुठलं काय. दाढ आजच निघायला हवी होती.

"आधी त्यो उकळा," ती म्हणाली. बोलताना कळ मस्तकात गेली.

"धुतलाय. तुमच्यासमोर धुतला."

"समोर धुतला म्हून तर म्हनते. त्या पान्यात सकाळधरनं कोनाकोनाचं रगत हाय?"

तिचा नवरा हनुमंत दारातून पुढे आला. "अगं, डॉक्टर हायेत ते. त्यांना कळत न्हाई व्हय?"

न कळायला काय झालं. हत्यारं उकळायचं यंत्र कोपऱ्यातच होतं. दसऱ्याला त्याची पूजा झालेली, हळद-कुंकू, झेंडूचा हार, सगळं साग्रसंगीत. हार वाळून कडकडीत झाला तरी झाकणावरून हललेला नव्हता. वायर गुंडाळून ठेवलेली.

दगडाबाईने तिकडे बोट केलं. "दसऱ्याला आमीबी कोयता पुजला. उद्यापास्नं त्यानंच ऊस तोडायचा. तुमचं ते नुसतं पुजायलाच हाय का?"

बाकड्यावर कुणीतरी हसलं. डॉक्टरचं तोंड लाल झालं. "प्रत्येकासाठी उकळत बसलो तर ही माणसं घरी कधी जायची? आणि बाई, मला शिकवू नका."

"मघा तुमच्या कामवाल्या बाईनं तुमच्या बाटलीला तोंड लावलं, तर तुमी पानी वतून दिलं. बाटली घासून आनायला लावली. तुमाला उष्टी बाटली चालत न्हाई, अन् मला उष्टा आरसा चालंल व्हय?"

"मग नगरला जा. उठा. पुढचं कोण आहे?"

ती उठली. बाकड्यावरची माणसं आपापला गाल धरून बसली. मघाशी हसणाराही खाली बघत बसला. लाज वाटायला हवी होती, पण ज्याची त्याची दाढ दुखत होती. धनश्री नावाची नुकतंच लग्न झालेली पोर पुढे आली, खुर्चीत बसली आणि तिने मुकाट्याने आ केला. डॉक्टरने तोच आरसा आत घातला.

बाहेर रस्त्यावर हनुमंतचा पारा चढला. "आता फडात रातभर वरडत बसशील, तवा कुनाकडं नेऊ तुला?"

दगडाबाईने पदराचा बोळा गालावर घट्ट दाबला.

"वरडंन. दुखतंय ते माझं सोताचं हाय."