उशिराचा ठोका

आपल्या जुन्या बँडच्या गायकाने एकट्याने काढलेला अल्बम ड्रमर आणि त्याची बायको स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ऐकत होते. एका गाण्यात नुसती व्हायोलिनं, दुसऱ्यात नाचाचा धिंगाणा, तिसरं तर चक्क अंगाईगीत. "एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही," बायको वैतागली. "याला नक्की व्हायचंय तरी काय?"

शेवटचं गाणं सुरू झालं आणि ड्रमरचा कप हातातच राहिला. अस्सल त्यांच्या बँडचा रॉक होता तो, आणि चौथा ठोका दर खेपेला केसभर उशिरा पडत होता. ही तर त्याची खोड! याच खोडीपायी गायकाने त्याला चारचौघांत बँडमधून काढलं होतं. पुढे कित्येक वर्षं गॅरेजमध्ये अचूक ताल मोजणाऱ्या मेट्रोनोमच्या टकटकीवर हात घासून घासून त्याने ती मोडली होती.

"म्हणजे आठवण आहे त्याला तुझी," बायको म्हणाली. "लाव की फोन."

त्याने लावला. "ड्रम कोणी वाजवलेत रे?"

"कॉम्प्युटरने. तुझा तो उशिराचा ठोका बसवताना रेकॉर्डिंगवाल्याच्या नाकी नऊ आले. तरी तुझी सर नाहीच आली."

"मग मला बोलवायचंस ना!"

"तुलाच बोलावणार होतो," गायक हळहळला. "पण मध्यंतरी तुझं वाजवणं कुणीतरी ऐकवलं. तू आता अगदी वेळेवर वाजवतोस रे."