विहिरींचं पुस्तक

"हेही आहे आमच्याकडे," ग्रंथपाल म्हणाले आणि त्यांनी पुस्तक डावीकडच्या ढिगावर ठेवलं.

तारमास्तरांनी मान डोलावली. तार खातं बंद पडून जमाना लोटला होता, पण गल्ली अजून त्यांना तारमास्तरच म्हणायची. बदलीच्या गावांतून, रद्दीच्या दुकानांतून, लिलावांतून त्यांनी पोटाला चिमटा काढून जुनी पुस्तकं गोळा केली होती आणि तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. आता घर सोडायचं होतं. भाच्याकडे एका खाटेची आणि एका ट्रंकेची सोय झाली होती, कपाटांची नाही. म्हणून त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला कळवलं, आणि दुर्मिळ ग्रंथ विभागाचे हे गृहस्थ सकाळपासून त्यांच्या फरशीवर मांडी ठोकून बसले होते.

पुस्तक उघडायचं, पहिलं पान बघायचं, लॅपटॉपवर शोधायचं. "आहे." "याच्या दोन प्रती आहेत." "हे आता कुणालाही मोबाइलवर वाचता येतं, काका." नाही म्हटलेलं माणसाला लागतं, हे ग्रंथपालांना नोकरीत कळून चुकलं होतं. आहे म्हटलेलंही इतकं लागतं, हे आज कळत होतं. दर वेळी तारमास्तर "बरं, बरं" म्हणत आणि कपाटातून पुढचं पुस्तक आणत, आधीच्यापेक्षा जरा हळू.

स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको उभी होती. चहाचे कप तिनं केव्हाच उचलले होते, पण ती आत गेली नव्हती.

कपाट रिकामं झालं. डावीकडे कमरेएवढा ढीग. उजवीकडे नुसती फरशी.

"एकही नाही?" तारमास्तर हसले. "म्हणजे जन्मभर मी रद्दीच जमवली म्हणायची."

ग्रंथपाल लॅपटॉप मिटू लागले. तेवढ्यात तारमास्तर खाटेपाशी गेले आणि उशीखालून एक पुठ्ठ्याचं पुस्तक ओढून आणलं. "एवढं बघा. हे शेवटचं."

"अहो, ते द्यायचं नाहीये," बायको म्हणाली.

"नुसतं बघू दे त्यांना."

विहिरी कशा खणाव्यात, याचं पुस्तक होतं ते. जुन्या शिळाछापाचं. ग्रंथपालांनी शोधलं. पुन्हा शोधलं. मग चष्मा काढून पुसला. "काका, हे आमच्याकडे नाही. कुणाकडेच नाही. कुठल्याच यादीत याची नोंद नाही."

तारमास्तर खाटेवर टेकले. त्यांचा चेहरा असा उजळला की ग्रंथपालांचाही जीव भांड्यात पडला, आणि त्या भरात ते बोलून गेले. मधल्या एका पानावर, विहिरीच्या आकृतीतल्या रिकाम्या वर्तुळात, कुणीतरी लाल पेन्सिलीनं दोन डोळे आणि एक हसरं तोंड काढलं होतं. "याचं काही मनावर घेऊ नका. हे अलगद काढून टाकणारी माणसं आहेत आमच्याकडे. डागसुद्धा राहत नाही."

"काढू नका!" बायको दारातून पुढे आली. "चिमीनं काढलंय ते."

"आमची मुलगी," तारमास्तर खाली बघत म्हणाले. "चार वर्षांची होती. तापात गेली."

"तिच्या हातचं तेवढंच आहे," बायको म्हणाली.

ग्रंथपालांनी पुस्तक मिटलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. "काकू, हे तुमच्याकडेच राहू दे. ट्रंकेत मावेल."

तिनं हात पुढे केला. मग नवऱ्याकडे बघितलं. "बरोबर आहे त्यांचं, राहू दे," तारमास्तर म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा होता, पण चेहऱ्यावरचं मघाचं तेज पार गेलं होतं, आणि डोळे त्या ढिगावर खिळले होते. तिनं हात मागे घेतला. साडीला पुसला.

"न्या," ती ग्रंथपालांना म्हणाली. "त्यांचं एक तरी जाऊ दे."

"अगं, पण..."

"तुम्ही गप्प बसा."

ग्रंथपालांनी खिशातून मोबाइल काढला. "त्या पानाचा फोटो काढून, छापून पाठवतो, काकू."

"फोटो बोटाला लागत नाही," ती म्हणाली. चिमीनं पेन्सिल जोर लावून दाबली होती. पानाच्या मागच्या बाजूलाही तिचं हसू उठलं होतं.

ग्रंथपालांनी पुस्तक कागदात गुंडाळलं. त्या चित्राला कुणालाही हात लावू देणार नाही, बजावून ठेवतो, असंही सांगितलं. विभागात आपला शब्द किती चालतो, हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं.

"मधूनअधून घरी आणता येईल का हो?" तिनं विचारलं. "एखाद्या दिवसापुरतं? ग्रंथालयातून पुस्तकं घरी देतात ना?"

"देतात. पण दुर्मिळ पुस्तकं नाही देत, काकू. ती इमारतीच्या बाहेर जात नाहीत."

"मग मीच येईन तिथं."

"या ना. फक्त आधी परवानगी काढावी लागते. कोणतं पुस्तक, ते कशासाठी वाचायचंय, एवढं विचारतात."

"वाचायचं?" ती त्यांच्याकडे बघत राहिली. "मला कुठं वाचता येतं?"

तारमास्तर उठून ढिगातली पुस्तकं परत कपाटात लावू लागले. ग्रंथपालही उठले. एका हातात लॅपटॉपची बॅग, दुसऱ्या हातात ते पुडकं. कडी काढायला हात मोकळा नव्हता. तेव्हा तीच पुढे झाली आणि त्यांना जाता यावं म्हणून तिनं दार उघडून धरलं.