गिऱ्हाईक येईपर्यंत

यंत्र पुन्हा तलावाची मधली रेघ ओलांडून धाकटीच्या बाजूला जाताच अडकलं आणि जागच्या जागी गोल गोल फिरायला लागलं.

“बघा,” धाकटी पलीकडच्या काठावरून म्हणाली. “माझ्या बाजूला आलं की ह्याला बरोबर चक्कर येते. शिकवूनच पाठवलंय जणू.”

थोरलीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दोघी सख्ख्या जावा. परसाला परस लागून दोघींची घरं, मधे एकच पोहण्याचा तलाव आणि त्याचा तळ घासून काढणारा हा एकच रोबो. दुपारी गिऱ्हाईक येणार होतं. घेतली तर दोन्ही घरं तलावासकट घेतील, नाहीतर एकही नाही, असं दलालाने बजावलं होतं. दोघींचे नवरे सकाळीच कामावर पळाले होते. जाताना दोघांनी आपापल्या बायकोला एकच सांगितलं होतं, की आजचा दिवस भांडू नका.

थोरलीने भिंतीजवळचं बटण बंद केलं, प्लग काढला. धाकटी वाकून वायरीने यंत्र ओढायला लागली.

“वायर ओढू नकोस. हँडल धर.”

“कळतं मला.”

“कळत असतं तर ही वेळ आली नसती.”

यंत्र काठावर आलं, पोटातलं पाणी ओकलं. थोरलीने झाकण उघडलं. फिल्टरची जाळी गाळाने आणि कुजक्या पानांनी गच्च भरली होती.

“ही धुवायची पाळी कोणाची होती?”

“पानं तुमच्या झाडाची,” धाकटी म्हणाली. “मी का धुवू?”

“झाड माझं, सावलीत रोज कोण बसतं?”

धाकटीने जाळी हिसकावून घेतली आणि नळाखाली अशी आपटून धुतली की निम्मा चिखल थोरलीच्या साडीवर उडाला. थोरलीने साडीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती ब्रशात गुंतलेले केस कात्रीने कापत होती.

“पांढरे तुमचे,” धाकटी म्हणाली.

“आणि गळतात ते काळे तुझे.”

राहिली वायर. तिला इतका पीळ बसला होता, की यंत्र समोरच्या भिंतीपर्यंत पोचतच नव्हतं. अर्ध्यावर ओढ बसायची आणि ते गिरक्या घ्यायचं. वायर उन्हात लांब ताणून पीळ काढायला हवा होता आणि ते एकटीचं काम नव्हतं. थोरलीने एक टोक उचललं. धाकटीने थोडा वेळ वाट पाहायला लावली, मग दुसरं उचललं. दोघी एकमेकींकडे तोंड करून मागे मागे सरकत गेल्या.

“उजवीकडे फिरव.”

“तुमचं उजवं की माझं?”

“तुझं! आयुष्यात एकदा तरी सांगितलेलं ऐक.”

धाकटीने वायर फिरवली. “एकदाचा व्यवहार होऊ दे. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की तुमचं तोंड बघावं लागतं, तेवढं तरी संपेल.”

“मला तुझा आवाज ऐकू आला नाही तरी पुरे.”

“मुलांना सांगून ठेवलंय मी. काकूचा नवा पत्ता कुणी विचारायचा नाही.”

थोरलीच्या हातातली वायर एकदम ताठ झाली. तिने एवढ्या जोरात हिसका दिला होता, की धाकटी दोन पावलं पुढे खेचली गेली. सगळा पीळ सुटेपर्यंत दोघी नुसत्या वायर फिरवत राहिल्या.

मग थोरलीने यंत्र पाण्यात बुडवलं, आतली हवा निघेपर्यंत ते या कुशीवर त्या कुशीवर केलं. बुडबुडे थांबले तसं ते तळाला जाऊन बसलं. प्लग लावून बटण दाबलं. यंत्र सरळ निघालं, मधली रेघ ओलांडून धाकटीच्या बाजूला गेलं, भिंतीवर चढलं, उतरलं आणि परत फिरलं. त्याच्यामागे तळाच्या निळ्या फरशा दिसायला लागल्या.

“चाललं,” धाकटी म्हणाली आणि घरात गेली.

तेवढ्यात थोरलीचा फोन वाजला. दलाल होता.

“मॅडम, ते लोक नाही येत. त्यांचं दुसरीकडे पक्कं झालं. आता इतक्यात कोणी मिळेल असंही वाटत नाही. आणि धाकट्या मॅडमना तुम्हीच सांगा बुवा. मला त्यांच्या तोंडी नाही लागायचं.”

थोरली फोन हातात धरून उभी राहिली. काय बोलायचं ते तिच्या ओठांवर तयार होतं. ‘बस आता जन्मभर माझं तोंड बघत.’ ती मागे वळली.

धाकटी साडी बदलून आली होती. दोन्ही हातांत दोन खुर्च्या होत्या. तिने त्या आपल्या दाराशी मांडल्या, शेजारी शेजारी.

“बसा ना, ताई. सकाळपासून उभ्या आहात.”

ताई. लग्न होऊन आली तेव्हा धाकटी तिला ताई म्हणायची. मग ‘अहो’ झालं, मग नुसतंच ‘बघा’.

थोरली तलावाला वळसा घालून आली आणि खुर्चीवर टेकली. धाकटीने एक नॅपकिन ओला करून आणला, तिच्या साडीवरचा चिखल पुसायला लागली.

“राहू दे.”

“लोक येतील आता. बरं नाही दिसत.” धाकटी मान खाली घालून पुसत होती. “मुलांना मी नाही अडवणार. पत्ता देऊन जा.”

पाण्यातून यंत्राची घरघर येत होती.

“कुठवर आलेत? फोन दलालाचाच होता ना?” धाकटीने विचारलं.

“वाटेत आहेत,” थोरली म्हणाली आणि तिने फोन बंद करून टाकला.