चहाच्या खोक्यातले काका

छप्पन साली पिंपरीत मी चहाचं खोकं, चष्म्याचं भिंग आणि तेल लावलेला कागद जोडून चित्रपेटी बनवली. कंबर मोडून वर्षभर खाटेवर पडलेल्या शालनकाकीला बाहेरचा रस्ता दिसावा, एवढाच हेतू. भिंगामुळं कागदावर सगळं उलटं दिसे: बैल, नव्या कारखान्याची चिमणी, सरपंचसुद्धा.

"ह्ये तेवढे सुलटे हायेत," काकी म्हणाली.

"ह्ये" म्हणजे काका. त्यांचं वर्षश्राद्ध मीच जेवलो होतो, दोनदा वाढून घेऊन.

मी पाहिलं. काका सुलटे चालत घराकडेच येत होते. दारातून डोकावलो, तर रस्ता मोकळा.

"पेटी झाकू का, काकी?"

"न्हाई रं! लई उपकार केलेस, लेकरा. त्यास्नी पाय धुवायला पाणी ठेव."

मी उंबऱ्याशी भरलेला तांब्या ठेवला आणि वळलो. मागं कुणीतरी सावकाश पाय धुऊ लागलं.