शनिवारचे बूट

"आई, हेच ॲप टाकते बाबांच्या फोनवर," ग्लासगोहून आलेली कॅट्रिओना म्हणाली. "नेटवर्क नसलं तरी नकाशा दिसतो, आणि बाबा डोंगरावर कुठवर पोचलेत ते तुला घरबसल्या कळतं."

"नको गं. ते दुसरं टाक, नुसत्या नकाशाचं," इशबेल म्हणाली.

"अगं, या वयात एकटे चढतात! धुक्यात वाट चुकले तर?"

"आजवर कधी चुकलाय? त्याच्यावर पहारा नकोय मला."

लेक धुसफुसली, पण आईपुढे तिचं काही चाललं नाही. दुसरं ॲप ठरलं.

तेवढ्यात हॅमिश शनिवारची चढाई आटोपून आला. दारातच त्याने बूट काढले. "वर काय तो चिखल! पाय उचलवत नव्हता," म्हणत, गुडघा चोळत तो शेकोटीपाशी बसला.

"बस, सूप आणते," म्हणून इशबेल बूट घेऊन मागच्या दाराशी गेली. उन्हाळ्यापासून पायथ्याच्या पबपलीकडे न गेलेले ते बूट कोरडेठाक होते. तिने ब्रश घेतला आणि आत दोघांनाही ऐकू जाईल अशा बेताने ती बराच वेळ ते घासत राहिली.