सहा लाखांचा गुडघा

“सहा लाख? त्या मोडक्या गुडघ्याला?” दौलतमामांनी चहाचा ग्लास बाकड्यावर आपटला. “अक्कल गहाण ठेवलीय काय रे तुमच्या तालमीनं?”

माझं टाळकंच सटकलं. मामा पलीकडच्या पेठेचे. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठेची इज्जत. आमच्या तालमीच्या फुटबॉल संघानं आमचा स्ट्रायकर संग्राम याचा करार सहा लाखांत आणखी दोन वर्षं वाढवला, ते त्यांना बघवत नव्हतं. संग्राम त्यांचा सख्खा जावई, तरी!

“पोटात दुखतंय मामा तुमच्या! गेल्या फायनलला त्यानंच तुम्हाला दोन गोल मारले. जावयाचं कौतुक करायचं सोडून...”

“कौतुक?” मामा उठले. “मॅचच्या आधी त्याच्या गुडघ्यात दुखणं मारायचं इंजेक्शन कोण देतं?”

“खेळायचं तर घ्यावं लागतं. पळतोय की वाघासारखा!”

“पळतोय. मॅच संपेपर्यंत तुमच्यासाठी पळतोय.” मामांनी माझी कॉलर धरली. “मग घरी येतो, आणि सातवा महिना लागलेली माझी पोरगी त्याचा भार खांद्यावर घेऊन त्याला जिना चढवते. एकदा त्या जिन्याखाली उभं राहून मारा की शिट्ट्या!”